अस्वलं आणि पफिन एकाच सफरीत: अलास्काच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा फोटो काढायला जाताना

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर कुक इनलेट नावाचा समुद्राचा लांबलचक फाटा जमिनीत आत घुसला आहे. त्याच्या पश्चिम काठावर लेक क्लार्क नॅशनल पार्कची किनारपट्टी येते. जूनमध्ये पाणी ओसरलं की तिथल्या पुळणीवर तपकिरी अस्वलं शिंपले उकरायला उतरतात. तिथून बोटीने जाऊन येण्याजोग्या अंतरावर डक आयलंड नावाचं छोटं खडकाळ बेट आहे, आणि त्याच दिवसांत तिथे पफिन नावाचे भडक चोचीचे समुद्रपक्षी अंडी उबवत असतात. अस्वल आणि समुद्रपक्षी दोन्ही एकाच मुक्कामावरून मिळावेत अशा जागा जगात फारशा नाहीत.

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात अलास्काला जातात, हल्ली पुण्या-मुंबईहूनही जातात. त्यांच्यापैकी ज्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा थोडाफार सराव आहे, पण मोकळ्यावर अस्वलासमोर कधी बसलेले नाहीत, अशांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: इथे कॅमेऱ्याच्या आधी समुद्र समजून घ्यावा लागतो. अस्वल कुठे असेल, विमान कुठे उतरेल, बोट कधी सुटेल, मासा ओढ्यात कधी शिरेल, हे सगळं भरती-ओहोटी ठरवते.

आधी जागा आणि महिना

तीन नावं वारंवार कानावर येतील. पहिलं कॅटमाई नॅशनल पार्कमधलं ब्रुक्स फॉल्स. धबधब्याच्या कडेवर उभं राहून उसळत्या साल्मन माशाला तोंडात झेलणारं अस्वल तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलं असेल, तो बहुधा इथलाच फोटो. जुलैमध्ये सॉकाय साल्मन धबधबा चढतात तेव्हा इथे गर्दी असते, अस्वलांची आणि माणसांचीही. सप्टेंबरमध्ये अस्वलं पुन्हा नदीवर जमतात, तेव्हा ती हिवाळ्याच्या तयारीने गोलगरगरीत झालेली असतात. फोटो लाकडी मचाणांवरून काढायचे. मुख्य मचाणावर एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात, त्यामुळे नंबर लावावा लागतो. सोबत लहान मुलं असतील, किंवा अस्वलाच्या पातळीवर उतरायची धास्ती वाटत असेल, तर ब्रुक्ससारखी जागा नाही. फोटोच्या दृष्टीने मात्र माझी तक्रार आहे. मचाणावरून कॅमेरा वरून खाली बघतो, आणि शेजारच्या सगळ्यांच्या कार्डात तीच फ्रेम असते.

दुसरं मॅकनील रिव्हर. हे राज्य सरकारचं अभयारण्य १९६७ साली झालं. गाईडबरोबर दिवसाला फक्त १० जण, आणि तेही लॉटरीने. अर्ज १ मार्चच्या आत करायचा. मॅकनीलच्या धबधब्यावर एका वेळी सत्तरहून जास्त अस्वलं मोजल्याची नोंद आहे. अर्ज दरवर्षी करत राहा, नंबर लागला तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून जा. पण त्याच्या भरवशावर रजा टाकू नका.

तिसरं लेक क्लार्कची किनारपट्टी, म्हणजे सिल्व्हर साल्मन क्रीक आणि चिनिटना बे. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सुचवेन. इथे तुम्ही जमिनीवर असता, सोबत गाईड असतो, समोर मोकळं गवत आणि पुळण असते, आणि पक्ष्यांचं बेट हाकेच्या नाही तरी बोटीच्या टप्प्यात असतं.

महिन्याचा हिशोब असा. मेअखेर ते जूनमध्ये अस्वलं खाजणातल्या सेज नावाच्या गवतावर असतात. हे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं गवत. कोवळं असताना त्यात भरपूर प्रथिनं असतात, आणि बिळातून बाहेर पडलेली, हिवाळ्यात जवळपास एक तृतीयांश वजन गमावलेली अस्वलं तासन् तास ते चरतात. हाच मिलनाचा काळ, त्यामुळे मोठे नर माद्यांच्या मागे फिरताना दिसतात. त्या वर्षी जन्मलेली पिल्लंही याच दिवसांत आईच्या मागे उड्या मारत असतात. जून-जुलैत पफिन बेटावर असतात. ऑगस्टमध्ये सिल्व्हर साल्मन ओढ्यात शिरतो आणि माशांमागे धावणारी अस्वलं मिळतात, पण महिना संपत आला की पफिन खोल समुद्राकडे निघतात. अस्वलं आणि पफिन दोन्ही हवे असतील तर जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य. मासेमारीची दृश्यं सोडावी लागतील, हे मनाशी ठरवूनच तिकीट काढा. सगळं एकाच सफरीत मिळवायच्या नादात काहीच धड हाती लागत नाही.

जायचं कसं, आणि गाईड कसा निवडायचा

या किनाऱ्याला रस्ता नाही. अँकरेज, सोल्डोट्ना किंवा होमरहून छोट्या विमानाने जायचं. ही विमानं बऱ्याचदा थेट पुळणीवर उतरतात, म्हणजे पाणी ओसरलेलं असतानाच. त्यात धुकं आणि वारा. म्हणून परतीचं मोठं विमान सफर संपण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका, मध्ये दोन दिवस मोकळे राखा. सामानाला वजनाची मर्यादा असते आणि ती काटेकोर असते. कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशव्या लागतात.

खर्च झाकून ठेवण्यासारखा नाही. होमरहून एका दिवसाची अस्वल-सफरच माणशी हजार डॉलरच्या आसपास जाते, मुक्कामी सफर त्याच्या कितीतरी पट. पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर दिवसाच्या दोन-तीन सफरींपेक्षा एकाच ठिकाणचा चार दिवसांचा मुक्काम घ्या. दिवसाच्या सफरीत विमान उतरतं तेव्हा जो प्रकाश आणि जी ओहोटी असेल, ती तुमची. मुक्कामात निवड करता येते. शिवाय तिसऱ्या दिवसापर्यंत कुठली मादी कुठल्या वाटेने येते, हे तुम्हालाही कळायला लागतं.

गाईडला पैसे भरण्याआधी विचारा: एका गटात किती जण? फोटोसाठी वेगळा गट आहे का? पक्ष्यांच्या बेटाची फेरी पैशात धरली आहे का, आणि समुद्र खवळला तर ती दुसऱ्या दिवशी ढकलता येते का? शाकाहारी असाल तर तेही आधीच कळवा, तिथे जवळपास दुकान नसतं. 'अगदी जवळ नेतो' असं कुणी मोठ्या अभिमानाने सांगत असेल, तर तिथे जाऊ नका.

भारतातून जाणाऱ्यांनी अमेरिकेच्या व्हिसाची तारीख आधी बघावी, मग बाकीचं. मिरपुडीचा फवारा, ज्याला तिथे बेअर स्प्रे म्हणतात, तो प्रवासी विमानात हातातल्या किंवा चेक-इन सामानातही चालत नाही. अलास्कात उतरल्यावर विकत घ्यायचा, आणि छोट्या विमानात बसण्याआधी पायलटला सांगून त्याच्या ताब्यात द्यायचा. पुष्कळ ठिकाणी गाईडकडे असतोच, आधी विचारून घ्या. ड्रोन घरीच ठेवा. अमेरिकेच्या नॅशनल पार्कांत २०१४ पासून त्याला बंदी आहे.

भरती-ओहोटीचा तक्ता वाचायला शिका

कोकणात वाढलेल्याला हे सांगायला नको, पण देशावरच्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. साधारण सव्वासहा तासांनी भरतीची ओहोटी होते आणि रोज ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात जास्त; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. मुंबईला उधाणात पाच मीटरच्या जवळपास पाणी चढतं. कुक इनलेटच्या खालच्या भागात हाच फरक सात-आठ मीटरपर्यंत जातो. इतकं पाणी ओसरतं तेव्हा किनाऱ्यापुढे मैलभर ओली पुळण उघडी पडते. ते पाणी परत येतं तेव्हाही तितक्याच वेगाने येतं.

अमेरिकेची नोआ ही सरकारी संस्था भरती-ओहोटीचं भाकीत फुकट देते. या भागासाठी सेल्डोव्हिया हे ठाणं बघा. तक्त्यात ओहोटीच्या आकड्यापुढे उणे चिन्ह असेल, तर पाणी नेहमीच्या नीचांकाच्याही खाली जाणार. शिंपल्यांसाठी हेच दिवस सोन्याचे. सफरीच्या तारखा ठरवताना मी आधी उणे ओहोट्या कुठल्या दिवशी आणि किती वाजता आहेत ते बघतो. त्यातल्या सकाळी सहा-सात किंवा संध्याकाळी सात-आठच्या मिळाल्या तर उत्तम, कारण तेव्हा ऊन तिरपं असतं. जूनअखेरीस तिथे दिवस अठरा तासांहून मोठा असतो, त्यामुळे रात्री दहालाही फोटो निघतात. शरीराला झोप हवी हे मात्र विसरू नका, दुपारी पडी टाका.

भरतीच्या वेळीही काम असतं. अस्वलं तेव्हा वर गवतात सरकतात. ऑगस्टमध्ये गेलात तर चढत्या पाण्याबरोबर मासा ओढ्याच्या मुखात शिरतो आणि अस्वलं तिथे येऊन थांबतात. म्हणजे दिवसभराचं वेळापत्रक तक्त्यावरूनच आखता येतं: पाणी खाली असताना पुळण, पाणी वर असताना गवत आणि ओढा.

एक सूचना जिवावरची आहे. पुळणीवर गाईडला सोडून एकट्याने पुढे जाऊ नका. काही ठिकाणी बारीक गाळ असतो, त्यात पाय रुततो आणि निघत नाही. पाणी तुमच्यासाठी थांबत नाही.

सामान

लेन्समध्ये १००-४००, १५०-६०० किंवा २००-६०० मिलिमीटर यांपैकी एक झूम पुरते. मोठी ६०० एफ-४ लेन्स असेल तर चांगलंच, पण ती पाठीवर घेऊन चिखलातून चालायचं आहे हे लक्षात ठेवा. नसेल तर विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने मिळतात. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२०० लावा. मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे छोटंसं अस्वल, असे फोटो त्याच लेन्सने निघतात, आणि घरी आल्यावर भिंतीवर तेच लागतात. दोन कॅमेरे न्यायचं दुसरं कारण म्हणजे वाळूच्या वाऱ्यात लेन्स बदलायची वेळ येऊ नये.

छातीपर्यंतचे किंवा मांडीपर्यंतचे रबरी वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायचे बूट, लागतात. ओढे ओलांडायचे असतात आणि ओल्या वाळूत गुडघे टेकून बसायचं असतं. बहुतेक लॉजवर ते मिळतात, मापाचं आधी कळवा. कॅमेऱ्याला पावसाचं आवरण, पाणी न शिरणारी एक पिशवी, भरपूर सुती फडकी. डासांपासून बचावासाठी डोक्यावरची जाळी. ट्रायपॉडपेक्षा एका पायाचा मोनोपॉड बरा, बोटीवर तर ट्रायपॉडचा उपयोगच नाही. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, जास्तीच्या आतल्या खिशात ठेवा. आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत चिवड्याची पुडी, चॉकलेट, वासाचं लोशन, काही म्हणजे काही ठेवू नका. कारण पुढे येईल.

निघण्याआधीचा सराव

अस्वल काळपट तपकिरी, पफिनचा चेहरा पांढराफेक आणि पाठ काळी. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर दोन्हीकडे फसतं. याचा सराव करायला गावाबाहेर म्हशी चरत असतील तिथे जा. म्हैस फ्रेमभर घ्या, कॅमेरा ती राखाडी करून दाखवेल. एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मग तिच्या पाठीवर बसलेला गायबगळा त्याच फ्रेममध्ये घ्या आणि पांढऱ्या पिसांचा तपशील जळू न देता म्हशीचा डोळा दिसेल असं एक्स्पोजर शोधा. हे जमलं की अलास्कातला अर्धा गोंधळ मिटला.

हलत्या बोटीतून उडता पक्षी टिपण्याचा सराव हिवाळ्यात भिगवणला करा. तिथले सुरय आणि कुरव चांगली परीक्षा घेतात. हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी घारींची झुंबड असते, तिथे वेगाने वळणाऱ्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवायला शिका. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घेण्याची सवयही इथेच लावा. कुरवांना गाठ्या-फरसाण फेकून जवळ बोलावतात, त्या फोटोंपासून मात्र लांब राहा. आमिषाला आलेल्या पक्ष्याचा फोटो काढायची सवय लागली की वाट बघायची सवय लागत नाही, आणि अलास्कात तीच लागते.

अस्वलासमोर बसताना

कॅटमाईत माणसाने अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर लांब राहायचा नियम आहे. तोच आकडा सगळीकडे मनात धरा. वाढलेल्या नराचं वजन तीनशे-चारशे किलो सहज असतं, आणि ते अस्वल माणसापेक्षा खूप वेगाने धावतं. तरी ही अस्वलं शांत राहतात, कारण इथे खाणं मुबलक आहे आणि इथली माणसं पिढ्यान् पिढ्या एकाच पद्धतीने वागत आली आहेत: घोळक्याने येतात, एका जागी बसतात, काही खायला देत नाहीत, पाठलाग करत नाहीत. त्या वागण्यात आपण बदल करायचा नाही, इतकीच आपली जबाबदारी.

म्हणून गट एकत्र ठेवा. चांगल्या कोनासाठी एकाने डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे जायचं नाही. अस्वलाला वेढल्यासारखं होतं. हळू आवाजात बोलत राहिलात तर चालतं, अचानक उठणं चालत नाही. अस्वल कुठे चाललंय ते बघून, त्याच्या वाटेच्या बाजूला, भरपूर आधी जाऊन बसा. मग ते आपल्या मर्जीने जवळ येतं किंवा येत नाही. आलंच, तर गाईड सांगेल तसं, बहुतेक वेळा बसून राहायचं. पळायचं कधीच नाही. मादी आणि पिल्लांच्या मध्ये यायचं नाही. पिल्लं कुतूहलाने तुमच्याकडे सरकली, तर मागे व्हायचं काम तुमचं.

अस्वलाच्या मनातलं त्याच्या शरीरावर दिसतं. मागच्या पायांवर उभं राहिलं तर ते बहुधा नीट बघायला आणि वास घ्यायला. वारंवार जांभया, तोंडातून लाळ, जबड्याचा कटकट आवाज, फुसकारे, मागे वळवलेले कान ही अस्वस्थतेची लक्षणं. यांतलं एक जरी दिसलं तरी कॅमेरा खाली ठेवा आणि गाईडकडे बघा. त्या क्षणाचा फोटो चुकला तर चुकू दे. फवारा बॅगेत नाही, कमरेला हवा. त्याचा पल्ला जेमतेम सात ते नऊ मीटर असतो, शोधायला वेळ मिळत नाही.

आता खाण्याचं. जपानी छायाचित्रकार मिचिओ होशिनो यांनी अलास्काचे जे फोटो काढले ते आजही पाहावेत असे आहेत. १९९६ च्या ऑगस्टमध्ये रशियातल्या कामचात्कामध्ये, कुरिल तलावाच्या काठी, तंबूत झोपलेले असताना अस्वलाने त्यांचा जीव घेतला. त्या अस्वलाला माणसाकडून खाणं मिळण्याची चटक लागलेली होती. होशिनोंना अस्वलांची जाण कुणापेक्षाही कमी नव्हती. दुसऱ्या कुणी दिलेल्या घासाची किंमत त्यांनी मोजली. अस्वलाला खाऊ घालणं अलास्कात गुन्हा आहे. ब्रुक्स कॅम्पवर पाय ठेवल्या ठेवल्या रेंजर प्रत्येकाला आधी याच गोष्टींची शिकवणी देतात, आणि तिथल्या तंबूंच्या जागेभोवती विजेचं कुंपण आहे. तुमच्या बॅगेतल्या चिवड्याच्या पुडीकडे याच नजरेने बघा.

काय टिपायचं

गवत चरणारं अस्वल बराच वेळ मान खाली घालून असतं. त्या स्थितीतले शंभर फोटो घेण्यात अर्थ नाही. डोकं वर येईल, तोंडातून गवताची पाती लोंबत असतील, डोळ्यात आकाशाचा ठिपका चमकेल, तेवढ्यासाठी थांबा. कॅमेरा जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत अस्वल गवतात बुडालेलं दिसतं, बसून काढलेल्या फोटोत ते क्षितिजावर येतं.

शिंपले खणणारं अस्वल मात्र पाहतच राहावं. ते नाक वाळूला लावून चालतं, अचानक थांबतं, आणि दोन्ही पुढच्या पंजांनी भराभर उकरतं. खड्ड्यात पाणी साचायच्या आत लांबट शिंपला बाहेर येतो. मग बोटभर लांबीच्या नख्यांचा तोच पंजा, जो चिखल उडवत होता, शिंपला अलगद दाबून धरतो. दुसऱ्या पंजाच्या नखाने फट उघडते आणि जीभ आतलं मांस उचलून घेते. सगळं काही सेकंदांत. पहिल्यांदा उकरताना उडणारा चिखल टिपा, त्याला शटर १/१६०० सेकंद लागेल. नंतर लेन्स पूर्ण झूम करा आणि फक्त पंजा आणि शिंपला घ्या. माझ्या मते किनाऱ्यावरच्या अस्वलाचा हा सगळ्यात खरा फोटो, आणि तो फार कमी लोक काढतात.

मादी पिल्लांना पाजायला लागली तर नशीब समजा. ती बहुतेकदा मागे रेलून किंवा पाठीवर पडून पाजते, आणि पिल्लं पिताना गुणगुणल्यासारखा सलग आवाज काढतात. ती तुमच्यासमोर निवांत पडली म्हणजे तुम्ही बरोबर बसला आहात. इथे शटर १/५०० पुरे, अ‍ॅपर्चर एफ-८ करा, नाहीतर आईचा डोळा स्पष्ट आणि पिल्लं पुसट येतात. शक्य असेल तर शटरचा आवाज बंद ठेवा.

चालत्या अस्वलाला १/१०००, धावणाऱ्याला १/२०००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडून ६४०० पर्यंत जाऊ द्या. दाणेदार फोटो दुरुस्त होतो, हललेला होत नाही. फाइल रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. ढगाळ हवामानाला कंटाळू नका. ढगाळ उजेडात अस्वलाच्या केसांचे थर दिसतात. उन्हात, दुपारी, ओल्या पुळणीवरून वाफ उठते आणि लांबचं काहीच धारदार येत नाही. तेव्हा कॅमेरा दुरुस्त करत बसण्यापेक्षा जेवून घ्यावं.

पक्ष्यांचं बेट

इथे पफिन दोन प्रकारचे. शिंगवाल्या पफिनचं पोट पांढरं, आणि डोळ्यावर काळ्या मांसाचं छोटं टोक. तुरेवाल्याचं अंग काळं, चेहरा पांढरा, आणि डोळ्यामागे फिक्या पिवळ्या पिसांचे झुपके. चोचीचा भडक रंग फक्त विणीच्या दिवसांतला. हंगाम संपला की चोचीवरचे रंगीत पापुद्रे गळतात. दोघेही वर्षाला एकच अंडं घालतात. शिंगवाला खडकांच्या कपारीत, तुरेवाला मातीत बीळ खणून. ही बिळं पायाखाली ढासळतात, म्हणून बेटाच्या गवताळ उतारावर चढायचं नाही.

त्यांच्या शेजारी किटिवेक नावाचे छोटे कुरव आणि काळे-पांढरे मर्र असतात. मर्र घरटं बांधतच नाही, उघड्या कड्यावर एकच अंडं ठेवतो. बोट फार जवळ आली आणि मर्र एकदम उठले, तर अंडी कड्यावरून गडगडतात किंवा उघडी पडतात आणि मोठे कुरव ती उचलतात. २०१४ ते २०१६ च्या समुद्रातल्या उष्णतेच्या लाटेत अलास्कातले सुमारे ४० लाख मर्र मेले, म्हणजे तिथले जवळपास निम्मे. उरलेल्यांचं एकेक अंडं मोलाचं आहे. पक्षी माना ताठ करून एका दिशेला बघायला लागले, माना वरखाली करू लागले, तर बोटवाल्याला मागे घ्यायला सांगा. ते सांगायला लाजू नका, चांगला बोटवाला आभार मानतो.

पफिन उडतो कसा हे समजलं की फोटो सोपा होतो. त्याचे पंख पाण्याखाली पोहण्यासाठी आखूड झाले आहेत, त्यामुळे हवेत त्याला सारखी फडफड करावी लागते आणि वेग प्रचंड असतो. एकदम उतरणं त्याला जमत नाही. तो बेटाला फेऱ्या मारतो, आणि दर फेरीला जवळपास तीच वाट धरतो. म्हणून पहिली दहा मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघा. वाट लक्षात आली की त्या वाटेवरचा एखादा खडक धरून फोकस आधीच तिथे आणून ठेवा, पक्षी लांब असतानाच दृश्यात पकडा आणि सोबत फिरवत न्या.

वारा तुमच्या पाठीवर असू द्या. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो आणि उठतो, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. शटर १/२५०० च्या खाली नको, १/३२०० असेल तर बरं. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर चालू करा, पण मागे कडा असेल तर तो कधी कधी खडकाला चिकटतो; तेव्हा फोकसचा भाग लहान करा. इलेक्ट्रॉनिक शटरने काही कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात, घरी तपासून ठेवा. एक्स्पोजर पांढऱ्या चेहऱ्यावर बांधा, काळी पाठ नंतर वर काढता येते. बोटीत कोपर अंगाशी, गुडघे सैल, आणि पाठ किंवा कोपर इंजिनाच्या कंपनाला लागू देऊ नका.

चोचीत आडवे मासे धरलेला पफिन सगळ्यांना हवा असतो. तो पिल्लं बाहेर आल्यानंतर, म्हणजे बहुधा जुलैच्या उत्तरार्धापासून मिळतो. त्याआधी गेलात तर पाण्यावरून उठणारा पफिन टिपा. तो पाण्यावर पावलं मारत धावतो आणि मागे थेंबांची रांग सोडतो. सपाट पाणी आणि ढगाळ उजेड असेल तर हा फोटो उडत्या पफिनपेक्षा सरस येतो.

मुक्कामावर परतल्यावर

गारठ्यातून उबदार खोलीत आलात की कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका, आतून बाष्प धरतो. बॅग बंद ठेवून तासभर थांबा. लेन्सवरचा खारा थर ओलसर फडक्याने पुसा. कार्डांची दोन ठिकाणी प्रत करा, पण कार्ड घरी पोचेपर्यंत कोरं करू नका. वेडर्स उलटे टांगा. दुसऱ्या दिवशीची ओहोटी बघून गाईडशी निघायची वेळ ठरवा, ती पहाटे चारची असली तरी कुरकुर करू नका.

फोटोखाली लिहाल तेव्हा लेन्स किती मिलिमीटरची होती आणि फोटो किती कापला आहे तेही लिहा. तुमचा फोटो बघून उद्या दुसरा कुणी जाणार आहे. फ्रेमभर अस्वल बघून त्याला वाटू नये की इतकं जवळ जायचं असतं.

आणि धुक्यामुळे विमान उडलंच नाही, तर होमरमध्ये हात चोळत बसू नका. काचेमक बे मधल्या गल आयलंडला तिथूनच बोटी जातात, कड्यावर हजारो किटिवेक आणि मर्र असतात, आणि बोट बेटाच्या बाजूने सावकाश फिरते. गावातच आयलंड्स अँड ओशन नावाचं सरकारी माहिती केंद्र आहे, तिथे समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींची उत्तम माहिती मिळते. गाडी असेल आणि हवा दोन दिवस सुधारणार नसेल, तर सिवर्ड गाठा. तिथल्या अलास्का सीलाईफ सेंटरमध्ये पफिन काचेपलीकडे पाण्याखाली पंख मारत पोहताना दिसतात. त्यांचे फोटो रानातले म्हणून दाखवायचे नाहीत, पण पंखांची ती हालचाल एकदा डोळ्यात बसली की बेटावर पफिन बुडी मारून कुठे आणि कधी वर येईल याचा अंदाज बराच सुधारतो.